कडता

संस्थेच्या वजनकाट्यावर मी सतरा वर्षं बसतो.
टोपली आली की आधी कडता कापायचा,
टोपलीचा सव्वा किलो, पाण्याचा अर्धा,
मग उरेल तो मासा.
पुस्तकला मारबदे रोज भांडते :
"अर्धा किलो पाणी? माहे मासे का न्हाऊन आले?"

भांडू दे. वहीत कडता लागतोच.
पण तलावाचा कडता मला दिसला तो यंदा,
मार्गशीर्षात, पाळीवर ऊन खात बसलो होतो तेव्हा.

ऊन पाण्यावर पडलं.
बरंचसं उसळून परत गेलं
ढोकाच्या पंखावर, माझ्या चष्म्यावर.
चिमूटभर खाली उतरलं
चिल्याच्या पात्यात, शेवाळाच्या बुळबुळीत,
आणि हिरवं झालं.
ते हिरवं क्विंटलभर धरा.
झिंग्यांच्या अंगी लागलं दहा किलो.
झिंगे खाऊन कोतरी झाली किलोभर.
कोतरीवर टपलेल्या मरळीच्या वाट्याला
शंभर ग्राम, दोन छटाकही नाही.
बाकीचं?
पळण्यात गेलं. धापा टाकण्यात गेलं.
पिलं राखत रात्रभर शेपूट हलवण्यात गेलं.
ऊब होऊन पाण्यात विरलं,
आणि ती ऊब आभाळानं कधी मोजून परत दिली नाही.
एवढा कडता कोण कापतो?
त्याच्याशी भांडायला पुस्तकलाही जात नाही.

मधली काही वर्षं आम्हीच शहाणे झालो होतो.
चैतराम दिघोरे तेव्हा अध्यक्ष.
ट्रकनं बोटुकली आणली, कतला, रोहू, गवत्या.
म्हणाला, गवत काढा, जाळं अडकते.
गाद उपटली. पोवन उपटलं.
देवधान कापून म्हशींना घातलं.
दोन वर्षं काटा खूश होता.
तिसऱ्या वर्षी पाणी चहासारखं,
काठाकाठानं बेशरम आत शिरलेली,
आणि मरळीच्या रकान्यात
मी नुसत्या रेघा ओढत होतो.

मग बाया उतरल्या.
जेठात, तलाव पोटाशी गेला तेव्हा,
बेशरम मुळासकट ओढून काढली,
चिखलात गादेचे कांदे खोवले
रोवण्यात धान खोवतात तसे,
एक पाय मागे, पुन्हा एक पाय मागे.
पाळीवरून माणसं हसली : पाण्यात गवत रोवतात म्हणे!
पुस्तकलानं मान वर केली नाही.
"मग माशाले का हवा चारू?"

ऊन जातं ते जातंच.
गाळाचं तसं नाही, गाळ व्यवहाराला पक्का.
पाळीवरच्या कहूवर ढोकऱ्यांची घरटी,
खाली पांढरी शिट, नाक धरावं असा वास;
पाऊस ती धुऊन तलावात ओततो.
मेलेली मरळ तळाशी बसते,
न दिसणारे जीव तिची मोड करतात
शंभराच्या नोटेची करावी तशी,
आणि ती चिल्लर गादेच्या मुळाशी जमा.
उन्हाळ्यात तोच गाळ बंडीतून बांधीत,
तुडूम उघडलं की तेच पाणी धानात,
धानातून पेजेत,
पेजेतून आमच्या हाडात.
माझ्या बापाची राखही इथंच सोडली,
सलंगाजवळ.
तो आता कोणत्या रकान्यात लिहू?

आज टोपलीत एक मरळ आली.
काळी, गच्च, काट्यावरही शेपूट मारणारी.
नऊशे ग्राम.
मी मनात मागं मागं गुणत गेलो :
नऊ किलो, नव्वद किलो,
नऊ क्विंटल हिरवं,
आणि त्याच्याही मागं ऊन, ज्याला माझ्याकडं माप नाही.
पेन हातात तसंच राहिलं.

"झोपलास का मुनशी? काप तुहा कडता."
मी कापला. अर्धा किलोच.
टोपलीतून ठिबकलेलं पाणी
काट्याच्या पायाशी क्षणभर थांबलं,
मग उतार शोधून तलावाकडं निघालं.
पुस्तकला त्याच्याकडं बघत पदर खोचत म्हणाली,
"पाह्य. चालला माहा अर्धा किलो."